कधीच न बिघडलेला ज्यूकबॉक्स

“यातला एकही भाग बदलायचा नाही,” कॅफेवाले काका म्हणाले. “कारखान्यातून आला तसाच्या तसा आहे हा. आजवर कुणाचा हात लागू दिलेला नाही मी.”

रेडिओवाली, बटण दाबलं की हवं ते गाणं लावणाऱ्या त्या ज्यूकबॉक्सचं मागचं झाकण काढून गुडघ्यांवर बसली होती. बापाचं रेडिओदुरुस्तीचं दुकान ती चालवायची, म्हणून सगळे तिला याच नावानं ओळखायचे. आत बॅटरीचा उजेड पाडला तर धुळीचा कण दिसेना. पण कंडेन्सर पार थकले होते. करंगळीएवढ्या कागदी नळ्या, वर मेणाचा थर, आणि ते मेण पिवळं पडून कुठं कुठं ओघळलेलं. वीज साठवून बेताबेतानं सोडायची एवढंच त्यांचं काम, तेही आता त्यांना झेपत नव्हतं. यंत्र नुसतं घुमायचं आणि गाणं त्या घुमण्यात बुडून जायचं.

“काका, हे बदलले नाहीत तर ट्रान्सफॉर्मर जळेल. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही.”

“आणि बदललेस, तर आवाज बदलेल.” काका खुर्चीत बसले. बंद कॅफेत आता तेवढी एकच खुर्ची उलटी करून ठेवलेली नव्हती. “तुझी काकी गेली आणि हा खचत गेला बघ. आधी घुमायला लागला, मग गाणंच ऐकू येईना. यंत्रालाही माया असते. मला तिचं आवडतं गाणं एकदा ऐकायचंय, पण ती ऐकायची त्याच आवाजात. दुसरा आवाज घेऊन काय करू मी?”

रेडिओवाली त्यांच्या राखाडी जाकिटाकडं बघत राहिली. बटणं जांभळ्या दोऱ्यानं शिवलेली होती आणि प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन गाठ आत दडवलेली होती. रंग जुळवायच्या फंदात न पडता काम पक्कं करणारी बाई असणार, असं तिच्या मनात आलं.

“ठेवलाय मात्र लखलखीत,” ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

“ते हिचं खातं. सुट्टीच्या दिवशी मी बाजारहाटाला जायचो आणि ही याला पुसत बसायची. परत आलो तरी पुसणं चालूच! मी म्हणायचो, अगं, घासून घासून भोक पाडशील त्याला.”

“मग मी आतून साफ करून आणते,” रेडिओवाली म्हणाली, आणि ते कंडेन्सर ज्यात होते तो, आवाज मोठा करणारा अँप्लिफायर सोडवून दुकानात घेऊन आली.

साफ करणार म्हणून सांगितलं खरं, पण ती धडधडीत थाप होती. जुन्या नळ्या पोकळ करायच्या, आत नवे छोटे कंडेन्सर बसवायचे, वरून मेण लावायचं. बाहेरून कोण ओळखणार? हातचलाखीच ही, आणि तीही एका म्हाताऱ्या माणसाशी. तिला काही बरं वाटत नव्हतं. पण दुसरा इलाज नव्हता.

तिनं पहिली नळी सोडवली आणि केस वाळवायच्या यंत्रानं तिला गरम हवा दिली. मेण वितळून खाली आलं. त्याखाली, नळीच्या लांबीभर, बारीक टाके वर आले.

दोरा जांभळा होता.

रेडिओवालीचे हात थांबले. तिनं भिंग डोळ्याला लावलं. नळी कुणीतरी उभी चिरून, आतलं सगळं काढून, परत शिवली होती. टाके एकसारखे होते, नजरेला पडू नयेत म्हणून शिवण खालच्या बाजूला फिरवली होती, आणि शेवटी तेच वेढे, तीच दडवलेली गाठ. आत एक छोटा कंडेन्सर होता, ज्यूकबॉक्सपेक्षा कितीतरी अलीकडचा. तिनं दुसरी नळी उघडली. तिसरी उघडली. सगळ्या शिवलेल्या. प्रत्येकीत वेगळ्या काळातला माल, म्हणजे जो थकला तो तेव्हाचा तेव्हा बदललेला.

कुणाला विचारून शिकली असेल ही बाई? पहिल्यांदा चटका बसला तेव्हा घरी काय सांगितलं असेल, इस्त्री लागली म्हणून? नवऱ्याला बढाई मारता यावी म्हणून जन्मभर पाठीमागे बसून हे काम करायचं, आणि वर त्याची थट्टाही ऐकून घ्यायची! ज्यूकबॉक्स काही दुःखानं खचला नव्हता. त्याची मिस्त्रीण गेली होती.

रेडिओवालीनं नवे कंडेन्सर त्याच नळ्यांत घातले. शिवायला बसली तेव्हा तिला कळलं की तसले टाके आपल्या हातून सात जन्मात पडणार नाहीत. एका नळीची जुनी शिवण तिनं अर्धी तशीच राहू दिली आणि ती बाजू मुद्दाम वर ठेवली. त्या नळीवर मेण काही लावलं नाही.

अँप्लिफायर कॅफेत परत बसवल्यावर काकांनी स्वतः बटण दाबलं. आतला हात सरकला, त्यानं तबकडी उचलली, सुई टेकली. घुमणं नव्हतं. आधी एक वाद्य, मग एका बाईचा खोल, स्वच्छ आवाज उलट्या खुर्च्यांमधून कॅफेभर पसरला. काका उभेच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“हाच,” ते म्हणाले. “अगदी हाच! कुणाचा हात लागला नाही ना, म्हणून.”

“हात लागलाय, काका,” रेडिओवाली हळूच म्हणाली. “आज माझा. पण माझ्याआधी कितीतरी वेळा.”

तिनं बॅटरी आत, त्या उघड्या शिवणीवर धरली. काका वाकले, चष्मा सारखा करून बघत राहिले. त्यांची बोटं आपोआप जाकिटाच्या वरच्या बटणाकडं गेली, खालची गाठ चाचपडत राहिली. गाणं संपलं तरी ते वाकलेलेच होते.

“हा कधी बिघडतच नाही, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो,” ते शेवटी म्हणाले. “आणि ही गल्ल्यावर बसून गालातल्या गालात हसायची.”