चालू-बंदचं बटण

पक्षाघाताने दिनकर सबनीसांची वाचा गेली आणि उजवी बाजू लुळी पडली. रिमोटची बारीक बटणं त्यांना डाव्या हाताने दाबता येईनात, म्हणून सुनेने मिरजेतल्या दुरुस्तीवाल्या हेमांगीला मोठ्या बटणांचा रिमोट करायला सांगितला.

हेमांगीने जुना रिमोट सेन्सरसमोर धरून एकेक बटण दाबलं. डोळ्यांना न दिसणारी त्याच्या दिव्याची उघडझाप लॅपटॉपवर आकडे होऊन उमटली. ते आकडे तिने नव्या सर्किटमध्ये भरले, पण टीव्ही ढिम्म. दोन दिवस तिला दुसरं काही सुचेना. शेवटी उलगडलं, की जुना रिमोट प्रत्येक आकडा शेवटाकडून पाठवत होता आणि नवं सर्किट सुरुवातीकडून. तिने सगळे उलटे करून भरले.

तीन बटणांची पेटी तिने सबनीसांच्या हाताशी ठेवली. "काका, हे चालू-बंदचं. ही दोन चॅनेल बदलायची."

"बाबांना मालिका फार आवडतात," सून म्हणाली. "दिवसभर लावून ठेवते मी."

ते आधी काय दाबतात, हे हेमांगी निरखून पाहत होती. त्यांचं बोट सावकाश सरकलं आणि टीव्ही बंद झाला.

"चुकून दाबलं वाटतं." सुनेने तो पुन्हा लावला. सबनीसांनी पुन्हा बंद केला.

आजारपणाच्या चार महिन्यांत पहिल्यांदाच सुनेने विचारलं, "मग काय हवंय, बाबा?"

सबनीसांनी हात उचलला आणि पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. सून क्षणभर उभीच राहिली, मग येऊन बसली.