मुळाशी जाईपर्यंत ‘का?’

“तिला सांगा, तिची केबल तिथून काढून घे म्हणावं,” ओइवा मारितकडे बघत म्हणाला.

“ती तुझ्यासमोरच बसलीय,” मारित म्हणाली. “तूच सांग की.”

ओइवाने समोर पाहिलं नाही. ओउलू शहरातल्या नव्या इस्पितळाच्या बांधकामावर तो पाइपवाल्यांचा मुकादम होता. समोर बसलेली तेल्लेर्वो वीजवाल्यांची प्रमुख. शिवाय त्याची घटस्फोटित बायको. दोघं बोलत ते वकिलांमार्फत, आणि ओइवाला ती सोय फार मानवली होती.

पण या कामाचा करारच निराळा निघाला. सगळ्या ठेकेदारांनी एकाच कागदावर सह्या केल्या होत्या. नफा झाला तर सगळ्यांचा, खोट आली तरी सगळ्यांची, कुणी कुणाला कोर्टात खेचायचं नाही. बसायचं एकाच खोलीत. आपलं काम चिठ्ठीवर लिहून भिंतीवर डकवायचं. आणि ज्याच्या तोंडून ‘चूक कुणाची’ असं निघेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वेलदोड्याचे गोड पाव आणायचे. बेकरीवाली आता ओइवाला नावाने ओळखत होती.

आजची भानगड मुलांच्या वॉर्डातली. ओइवाचा पाइप आणि तेल्लेर्वोची केबल छताखाली एकाच जागी येऊन भिडली होती. छत बंद करणारे उद्या सकाळी यायचे होते.

बैठक मारित चालवायची. अडचण आली की मुळाशी जाईपर्यंत ‘का?’ विचारत राहायचं, ही तिची रीत.

“पाइप तिथे का आला?”

“नकाशात तिथेच होता. जुन्या.”

“जुना नकाशा का वापरलास?”

“बदलल्याचं मला कळलं नाही.”

“का नाही कळलं?”

“मी फोन केला होता याला,” तेल्लेर्वो म्हणाली. “याने नुसता वाजू दिला.”

“का नाही उचललास?” मारितने विचारलं.

काँक्रीटवाला योर्मा बिनसाखरेच्या कॉफीत चमचा फिरवत बसला. ओइवाने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याचा पट्टा उगाच घट्ट केला, सैल केला.

“तुर्रे म्हातारा झालाय,” तो शेवटी म्हणाला. “मला वाटलं, तो गेल्याचं सांगायला केला असेल.”

“तुर्रे कोण?” योर्माने हळूच विचारलं.

“कुत्रा. आमचा. म्हणजे, हिचा.”

“गेला?” तेल्लेर्वो उसळली. “अरे, ठणठणीत आहे तो! परवा माझा नवाकोरा बूट खाल्ला.”

ओइवाने पहिल्यांदा वर पाहिलं. “डावा?”

“डावाच.”

“डावाच खातो तो,” ओइवा म्हणाला, आणि मग त्याला बराच वेळ नाक शिंकरावं लागलं.

तेल्लेर्वोने नकाशा पुढे ओढला. “मी केबल हातभर वर घेते. तू पाइपाला इथे बाक दे.”

“देतो. संध्याकाळच्या आत.”

“झालं तर मग!” योर्मा उठू लागला.

“थांबा,” मारित म्हणाली. “पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय काय? तो भिंतीवर लागल्याशिवाय बैठक संपत नाही.”

कुणी म्हणालं, नकाशे रोज तपासू. कुणी म्हणालं, फोनऐवजी निरोप लिहू. तेल्लेर्वोने एक पिवळी चिठ्ठी घेतली, खरडली आणि जाऊन भिंतीवर डकवली. ‘व्हरांड्याचं छत’ आणि ‘जिन्याची फरशी’ या चिठ्ठ्यांच्या मधोमध.

‘रविवार सकाळ. तुर्रेला फिरवणे. जबाबदारी: पाइपवाले.’

योर्माने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग रीतीप्रमाणे खोलीकडे वळून विचारलं, “यामुळे कुणाचं काम अडतंय का?”

कुणाचंच अडत नव्हतं.