गाडीचा आवाज

दारात गाडी वाजली की उज्ज्वला टीव्ही बंद करून उठून उभी राहायची. राजूरच्या खाणीतून ड्युटी करून आलेल्या प्रेमला ते पाहवायचं नाही.

"काहून बंद करून राह्यली? मी कधी काही म्हटलं काय तुले?"

"नाही जी, सवय आहे. फुलसावंगीले बाच्या गाडीचा आवाज आला का आम्ही सारेच उठत होतो. हासताना दिसलो का बा पट्टा काढे."

तिचा बा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पट्टा अजून घरातच होता, असं प्रेमला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो कोपऱ्यावरच गाडी बंद करायचा आणि दारापर्यंत ढकलत आणायचा. काही दिवसांत फरक दिसला. तो घरात शिरायचा तेव्हा उज्ज्वला खाली मान घालून भाजी निवडत असायची. उठायची नाही की दचकायची नाही. त्याला वाटलं, जमलं आपल्याला.

एका संध्याकाळी त्यानं लाडानं पाच वर्षांच्या त्रिशाच्या हातात रिमोट दिला. "लाव बरं तुझं कार्टून."

तिनं आधी आईकडे पाहिलं. मग रिमोट होता तिथं नेऊन ठेवला.

"काहून गं?"

"तुमची गाडी आता वाजतच नाही ना, पप्पा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कधी येसान, समजत नाही. म्हणून आम्ही दिवसभर बंदच ठेवतो."