तेवीस जोड

१२ जून, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी पत्नीचा दागिन्यांचा डबा उघडून मोजणी केली. कानातल्यांचे तेवीस जोड भरले. ती मात्र कित्येक महिने एकच जोड वापरत होती. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "बदलायला हातच जात नाही हो." डब्यातील गुंता पाहून मला ते पटले.

फोटोची जुनी चौकट, खिडकीच्या जाळीचा उरलेला तुकडा आणि पडद्याचे चार हूक यांपासून मी एक फलक तयार केला. सर्व जोड रंगांनुसार त्या जाळीत अडकवले आणि फलक आरशाशेजारी बसवला.

आठवडा उलटला, तरी तिच्या कानांत तोच जोड.

"एवढी खटपट केली, त्याचा मान तरी ठेव," मी म्हणालो.

"प्रदर्शन छान झालंय. आता तिकीट लावा."

"चेष्टा पुरे. आवडला नसेल तर स्पष्ट सांग, काढून टाकतो."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "माझे केस हल्ली कोण विंचरतं, माहितेय तुम्हाला?"

"कोण?"

"शेजारची येऊन विंचरते. जानेवारीपासून खांदा आखडलाय माझा. हात कानापर्यंत पोचतच नाही."

 

मी चष्मा पुसला, फलकावरून मोत्यांचा जोड काढला आणि तिच्या मागे उभा राहिलो. दोन्ही कानांच्या फिरक्या बसवण्यास सव्वीस मिनिटे लागली.