वारेचं रक्त

कळवणच्या हर्षालीला आठव्या महिन्यात मलेरिया झाला. औषधांनी ताप उतरला, पण पोटातल्या बाळाचा घोर काही जाईना. नाशिकच्या दवाखान्यात मुलगी झाली, अगदीच किरकोळ. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं आणि बाळापाठोपाठ पडलेल्या वारेतलं रक्त तपासायला पाठवलं. सासू बायडाबाई तासभर खाटेपाशी बसून होत्या. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. “वारेत मलेरियाचे जंतू सापडलेत.” हर्षालीने मुलीला छातीशी आवळलं. “आणि हिच्या रक्तात?” “एकही नाही. वारेनं तिथंच अडवले.” हर्षालीला रडू फुटलं. बायडाबाईंनी विचारलं, “मंग ती वार कुठं हाय?” नर्सने पिवळ्या पिशवीकडे बोट दाखवलं. “जाळायला जाईल, आजी.” गावातल्या बाळंतपणांत बायडाबाईंनी आजवर वार पुरून फक्त हात धुतले होते. आज त्या पिशवीपाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “लय सोसलंस गं, बाई.”