शेवट कसा वाटला?

"हा कप्पा तुझा," दादा म्हणाला. "यातल्या पुस्तकांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता."

धाकटीने मान वर करून पाहिलं. बाबांच्या कामाच्या खोलीतला सगळ्यात वरचा कप्पा रहस्यकथांनी गच्च भरला होता. बाबांचा धंदा पुस्तकबांधणीचा. लोकांची फाटकीतुटकी पुस्तकं इथे यायची आणि धडधाकट होऊन परत जायची. स्वतःच्या रहस्यकथा मात्र ते जरा जास्तच मायेने बांधत. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, आतून रंगीत कागद.

"सगळी वाचलीस ना तू?" दादाने विचारलं.

"हो."

"धन्य आहेस बाई. माझा तर दुसऱ्याच पानावर डोळा लागायचा. शेवटी बाबांनी माझा नाद सोडला."

या घरात प्रत्येकाच्या वाचनाची तऱ्हा वेगळी. दादाला गाड्यांची मासिकं पुरत, तीही चित्रांपुरती. आत्या प्रेमकथांवर जगायची. नायक-नायिकेची ताटातूट झाली की त्या दिवशी भाजीत मीठ नसणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई हाताला लागेल ते वाचायची, पण शेवटचं पान आधी. बाबांच्या लेखी हा गुन्हाच. एकदा तर त्यांनी आईच्या रहस्यकथेची शेवटची पानं उसवून सरळ खिशात घातली. म्हणाले, "आधी खुनी कोण ते सांग, मग मिळतील." आईने अबोला धरला. पण उत्सुकता काही गप्प बसू देईना, आणि भर जेवणात ती एकदम म्हणाली, "माळी!" मग तो त्या दोघांचा खेळच होऊन बसला. आई गेली आणि खेळही संपला.

त्यानंतर बाबा धाकटीच्या मागे लागले. ती एका प्रकाशनसंस्थेत संपादक होती. दिवसभर गंभीर कादंबऱ्यांवर लाल पेन चालवणारी बाई; रहस्यकथा म्हटलं की तिने नाक मुरडलंच. बाबांनी दिलेलं पहिलं पुस्तक तिच्या पलंगाखाली धूळ खात पडलं. बाबा मात्र दर फोनला विचारायचे, "कुठवर आलीस?" एक दिवस वैतागून तिने सांगून टाकलं, "वाचून झालं, बाबा."

"झालं? शेवट कसा वाटला?"

"भन्नाट! असं काही होईल असं वाटलंच नव्हतं."

बाबा जरा थांबले. मग हसून म्हणाले, "मलाही वाटलं नव्हतं."

सुटले, असं तिला वाटलं. पुढच्या भेटीत तिने ते पुस्तक परत केलं, तर बाबांनी लगेच दुसरं हातात ठेवलं. मग ते तसंच चालत राहिलं. पुस्तक न्यायचं, पलंगाखाली सरकवायचं, फोनवर शेवटाची तारीफ करायची आणि परत आणून द्यायचं. पुढे पुढे बाबा "कुठवर आलीस?" हे विचारेनासे झाले. शेवट कसा वाटला, एवढंच विचारायचे.

"एक मात्र बरं झालं," दादा खोकं बांधता बांधता म्हणाला. "निदान तुझ्याशी तरी त्यांना पुस्तकांबद्दल बोलता आलं. त्या आनंदात गेले ते."

धाकटीने मान फिरवली. बाबा गेल्यापासून ही गोष्ट तिला आतून खात होती. आपण थापा मारल्या, सरळ बापाला मारल्या. पण बाबांना त्या कधी कळल्या नाहीत, ते खुशीत होते, एवढाच काय तो आधार होता. तोच धरून ती उभी होती.

आता तरी वाचू, असं म्हणत तिने ते पहिलं पुस्तक काढलं आणि बाबांच्या स्टुलावर बसली.

सुरुवातीला लाल पेनाची सवय आडवी आली. मग ती गोष्टीत कधी ओढली गेली ते कळलंच नाही. त्यातला फौजदार थेट बाबांसारखाच होता, चेहरा न हलवता टोमणे मारणारा. एका टोमण्याला तर ती एकटीच खो खो हसली. दादाने जेवायला हाक मारली, तेव्हा ती पुस्तक घेऊनच ताटावर बसली. हे सगळं बाबांशी बोलता आलं असतं. तासन् तास बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटाकडे आली. खुनी डॉक्टरच, पैजेवर सांगायला तयार होती ती. फौजदाराने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "खून करणारी व्यक्ती" –

तिने पान उलटलं. पुढे नुसता रंगीत कागद आणि पुठ्ठा.

पानं निसटली असतील, असं तिला वाटलं. तिने कप्प्यातलं दुसरं पुस्तक काढून मागून उघडलं. तेही अर्ध्या वाक्यात थांबलं होतं. तिसरंही तसंच.

ती स्वयंपाकघरात गेली. आत्या डबे पुसून ठेवत होती.

"आत्या, बाबांच्या पुस्तकांची शेवटची पानं कुठे पाहिलीस का गं?"

आत्याचा चेहरा एकदम उजळला. तिने हात पुसले, फडताळातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि धाकटीच्या हातात दिला. आत पानांच्या लहान लहान जुड्या होत्या. प्रत्येक जुडी बाबांच्या मेण लावलेल्या दोऱ्याने नीट बांधलेली.

"बघ, मी सांगतच होते त्याला, येईल ती!" आत्या म्हणाली. "आजारपणात हा डबा माझ्या हवाली केला आणि म्हणाला, जपून ठेव. एखादं जरी वाचलं, तरी मागायला येईलच."