दोन हजार होड्या

आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा सोन्यात लोळणारा सम्राट दोन हजार होड्या घेऊन समुद्रावर गेला, तो परतलाच नाही. ही हकीकत जगाला एकट्या मुसाने, मागे राज्य सांभाळायला ठेवलेल्या त्याच्या नायबाने, सांगितली. आणि रिकामी झालेली गादीही मुसालाच मिळाली.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पद्मजा परीक्षेसाठी हे मोठ्याने वाचत होती. समोर तिचे बाबा, सूर्यकांत, आपला लेखी जबाब तपासत बसले होते. फरीदाबादच्या प्रयोगशाळेत उच्च दाबाची टाकी फुटून संचालक भाऊसाहेब गेले, तेव्हा आसपास फक्त त्यांचे उपसंचालक सूर्यकांत होते. उद्या चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष होती. संचालकपदाचा चार्ज त्यांनी कालच घेतला होता.

"बाबा, मुसानेच बुडवलं असणार त्याला. बिल्कुल!"

"पुरावा नसताना असं म्हणू नये, पद्मा. समुद्र कुणालाही बुडवतो."

"अच्छा? मग मुसाला कुणी काही विचारलंच नाही?"

"विचारणार कोण? बाकीचे सगळे होड्यांत होते."

 

टाकीला गेलेला तडा सूर्यकांतांना त्या दिवशी सकाळीच दिसला होता, आणि ‘वापरू नये’ ही लाल पाटी त्यांनी मुद्दामच लावली नव्हती.